हिस्टोग्राम वाचून धंद्यातले निर्णय कसे घ्यावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोटा कारखाना, दुकान, खाद्यपदार्थांचा गृहउद्योग किंवा वर्कशॉप चालवणाऱ्या आणि ज्यांच्याकडे वजनाच्या, वेळेच्या, बिलांच्या नोंदी आधीपासून पडून आहेत, अशा लोकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणांतले आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. तिथे तुमचे आकडे घालून बघा.

हिस्टोग्राम म्हणजे दहावीत काढला होता तोच का?

तोच. दहावीच्या गणितात त्याला आयतालेख म्हणतात. आकड्यांचे सलग गट पाडायचे, प्रत्येक गटात किती नोंदी पडल्या ते मोजायचं आणि तेवढ्या उंचीचे, एकमेकांना चिकटलेले स्तंभ काढायचे. ‘हिस्टोग्राम’ हे नाव इंग्रज गणिती कार्ल पिअर्सन यांनी १८९० च्या दशकात रूढ केलं. पुढे जपानमध्ये काओरू इशिकावा यांनी गुणवत्तेच्या सात मूलभूत साधनांचा आग्रह धरला, त्यांतही हिस्टोग्राम आहे. या साधनांमागचा विचार असा, की यंत्रावरच्या कामगारालाही ती स्वतः वापरता यायला हवीत. म्हणून आजही कागद-पेन्सिलीवर हिस्टोग्राम उत्तम होतो.

साध्या स्तंभालेखापेक्षा यात वेगळं काय?

स्तंभालेखात पुणे, नाशिक, कोल्हापूर अशी नावं असतात आणि त्यांचा क्रम बदलला तरी चालतं. हिस्टोग्रामच्या आडव्या अक्षावर मोजमाप असतं, म्हणून क्रम बदलता येत नाही. एखादा गट रिकामा असेल तर ती जागाही रिकामीच सोडायची. त्या रिकाम्या जागेतूनही बरंच कळतं.

सरासरी काढतोच की आम्ही. मग हे कशाला?

कारण सरासरी एकच आकडा देते आणि निर्णय बहुतेक वेळा पसाऱ्यावर, म्हणजे आकडे किती दूरवर पसरलेत यावर, अवलंबून असतो.

उधारीचं बघा. समजा, ४० बिलं वसूल झाली आणि पैसे यायला सरासरी ५५ दिवस लागले. तुम्ही बँकेच्या सीसी लिमिटचा (कॅश क्रेडिटच्या मर्यादेचा), पगाराचा, कच्च्या मालाचा अंदाज ५५ दिवसांवर बांधता. आता दहा-दहा दिवसांचे गट पाडून स्तंभ काढा. २४ बिलं ३५ दिवसांच्या आसपास, १६ बिलं ८५ दिवसांच्या आसपास, आणि ५० ते ६० च्या गटात एकही नाही! म्हणजे ५५ दिवसांनी पैसे देणारा गिऱ्हाईक तुमच्याकडे नाहीच. तुमच्याकडे दोन प्रकारची गिऱ्हाइकं आहेत आणि त्यांना एकच धोरण लावून चालणार नाही. पहिल्या गटाला त्रास द्यायचं कारण नाही. दुसऱ्या गटाचा भाव, आगाऊ रक्कम आणि उधारीची मर्यादा वेगळी ठरवायला हवी.

त्याच चित्रावर ४५ दिवसांपाशी एक उभी रेघ ओढा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. रेघेच्या उजवीकडे कोण आहे, हे एकदा कागदावर दिसलं की वसुलीच्या बोलण्याला धार येते. हाच आलेख बिलांच्या संख्येऐवजी रकमेवरही काढा. उशिरा येणारी बिलं मोजायला थोडी आणि रुपयांत निम्म्याहून जास्त, असं चित्र दिसू शकतं.

एक उदाहरण पहिल्यापासून करून दाखवाल का?

२०० ग्रॅम चिवड्याचं पाकीट घेऊ. दिवसभरात थोड्या-थोड्या वेळाने पाकिटं उचलून १०० पाकिटांचं निव्वळ वजन घ्यायचं, म्हणजे पिशवीचं वजन वजा करून. एका बैठकीत सलग १०० उचलू नका. त्यातून फक्त त्या अर्ध्या तासाची हकिकत कळेल. काट्याशेजारी एक वही ठेवा, वजनाचे गट आधीच लिहून ठेवा आणि वजन करणाऱ्या ताईंना फक्त ताळ्याच्या खुणा करायला सांगा. चार उभ्या, पाचवी आडवी. शंभरावी खूण होईपर्यंत वहीत आलेख आडवा तयार झालेला असतो.

समजा, असं आलं : १९६ ते १९८ ग्रॅममध्ये २ पाकिटं, १९८ ते २०० मध्ये ६, २०० ते २०२ मध्ये १७, २०२ ते २०४ मध्ये ३०, २०४ ते २०६ मध्ये २६, २०६ ते २०८ मध्ये १३ आणि २०८ ते २१० मध्ये ६.

गटांचे मध्य धरून सरासरी येते २०३.७ ग्रॅम. म्हणजे दर पाकिटामागे ३.७ ग्रॅम चिवडा फुकट जातोय. महिन्याला १०,००० पाकिटं जात असतील तर ३७ किलो. किलोमागे खर्च २०० रुपये धरला तर महिन्याला ७,४०० रुपये. इथपर्यंत सरासरीनेही कळलं असतं. पण एवढा माल जास्त जाऊनही १०० पैकी ८ पाकिटं २०० च्या खाली आहेत, हे मात्र फक्त आलेखात दिसतं. पैसेही जातायत आणि काही गिऱ्हाइकांना कमी मालही मिळतोय. दोन्हीचं मूळ एकच : पसारा मोठा आहे.

मग भरणा सरळ ३ ग्रॅमने कमी करायचा का?

कायदा बघितला तर जागा आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये १०० ते २०० ग्रॅमच्या पाकिटाला वजनात जास्तीत जास्त ४.५ टक्के सूट दिली आहे, म्हणजे २०० ग्रॅमला ९ ग्रॅम. शिवाय तपासलेल्या नमुन्याची सरासरी छापील वजनापेक्षा कमी असता कामा नये. भरणा ३ ग्रॅमने उतरवला तर सरासरी २०० च्या वर राहील आणि सगळ्यात हलकं पाकीटही १९१ च्या वर. कागदावर सगळं बरोबर.

तरीही मी आधी हे करू नका म्हणेन. आत्ता २०३ च्या खाली असलेली पाकिटं मोजा. साधारण ४० होतात. भरणा ३ ग्रॅमने उतरवल्यावर तीच ४० पाकिटं २०० च्या खाली जातील. नियमात बसलं, तरी घरच्या काट्यावर पाकीट ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला सरासरीशी देणंघेणं नसतं. त्याच्या हातात एकच पाकीट असतं.

आधी पसारा आवळा. कप फिलर (कपाच्या मापाने पाकीट भरणारं मशीन) वजन बघत नाही, तो कपात मावेल तेवढा माल टाकतो. एका घाण्याचे पोहे जास्त फुललेले, दुसऱ्याचे दबके, खोबऱ्याचे काप कधी जाड, कधी पातळ. मग त्याच कपातलं वजन बदलतं. हॉपरमधला (मशीनवरच्या मालाच्या डब्यातला) माल खाली गेला की कपात तो सैल पडतो. हॉपरची पातळी एकसारखी ठेवणं, शेंगदाणे-खोबरं नीट मिसळणं, घाण्यागणिक पहिली पाच पाकिटं तोलून कप जुळवणं, याला फारसा पैसा लागत नाही. यानंतर पुन्हा १०० पाकिटं तोला. स्तंभ मधोमध गोळा झाले, की मग एकेक ग्रॅमने भरणा उतरवा. वजनावर चालणारं महागडं मशीन घ्यायचं की नाही, हे या दुसऱ्या आलेखानंतर ठरवा. तेव्हा मशीनमुळे नेमके किती ग्रॅम वाचणार, हे तुम्हाला सांगता येईल.

आलेखाला दोन उंचवटे आले तर?

दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या गेल्यात, अशी पहिली शंका घ्या. डबल हेड (दोन तोंडांच्या) पॅकिंग मशीनच्या एका हेडचा भरणा २०१ च्या आसपास आणि दुसऱ्याचा २०६ च्या आसपास असेल, तर असंच दिसतं. दोन पाळ्या, दोन पुरवठादार, दोन साचे, काउंटरवरची किरकोळ बिलं आणि हॉटेलवाल्यांची घाऊक बिलं, असं काहीही असू शकतं. नोंदी वेगळ्या करून दोन आलेख काढा, पण दोन्हींचा आडवा अक्ष आणि गट तेच ठेवा आणि कागदावर एकाखाली एक घ्या.

इथे एक पथ्य पाळायला हवं. वेगळं करायचं तर नोंद करतानाच हेड नंबर, पाळी, तारीख लिहिलेली असावी लागते. नुसत्या वजनांचा ढीग असेल तर उंचवटे दिसतात, पण कारण शोधायला वाट राहत नाही.

एका बाजूला लांब शेपूट आली, तर काही बिघडलंय का?

नाही. बिलांची रक्कम, वसुलीचे दिवस, दुरुस्तीला लागणारा वेळ, यांना उजवीकडे शेपूट असतेच. शून्याच्या खाली कुणी जाऊ शकत नाही, वर मात्र मर्यादा नसते. अशा ठिकाणी सरासरी शेपटीकडे ओढली जाते, म्हणून मध्यक बघा : अर्धी बिलं ज्याच्या खाली, अर्धी वर. ‘आपलं नेहमीचं बिल’ म्हणून मध्यक जास्त खरा. फक्त शेपटीतले आकडे चुकीचे म्हणून खोडू नका. दुकानाचा नफा कधीकधी तिथेच असतो.

एखाद्या ठरावीक आकड्याशी स्तंभ एकदम उंच आणि शेजारी खड्डा, असं का होतं?

ही खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती यंत्राबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त सांगते.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांचं पोलादी सळ्यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. सळीचा व्यास १ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ती बाद. तपासणीच्या आकड्यांचा हिस्टोग्राम काढला, तर मर्यादेच्या लगेच खालचा गट रिकामा आणि मर्यादेवरचा स्तंभ भलताच उंच. किंचित बारीक सळ्या तपासनीस पास करत होते. डेमिंग यांनी याचा संबंध भीतीशी जोडला. बाद मालाचा आकडा वाढला तर काय होईल, या धास्तीने माणसं आकडा रेघेच्या आत ढकलतात.

तुमच्या ऑफिसातही हे बघता येतं. ५०,००० च्या वरच्या खरेदीला मालकांची सही लागते असा नियम असेल, तर वर्षभराच्या खरेदी बिलांचा ५,००० च्या गटांत आलेख काढा. ४५,००० ते ५०,००० चा स्तंभ शेजाऱ्यांपेक्षा खूप उंच असेल तर एकाच खरेदीची दोन बिलं होत असण्याची शक्यता आहे. लगेच चोरीचा आळ घेऊ नका. सही मिळायला आठवडा लागतो म्हणून काम अडू नये यासाठी माणसं बिलं तोडतात, असंही असतं. मग बदलायची गोष्ट माणूस नसून सहीची पद्धत असते.

आणि ५, १०, १५, २० मिनिटांवरच स्तंभ उभे असतील, तर घड्याळ न बघता अंदाजे वेळा लिहिल्या गेल्या आहेत. त्या नोंदींवर मिनिटांचा हिशेब करू नका.

गट किती पाडायचे?

स्टर्जेस यांचं १९२६ सालचं सूत्र १०० नोंदींना साधारण ८ गट सुचवतं. नोंदींच्या संख्येचं वर्गमूळ घेणारे १० म्हणतील. ही सुरुवात समजा. गट फार रुंद घेतले तर दोन उंचवटे एकात विरघळतात आणि फार अरुंद घेतले तर कंगव्यासारखे दाते दिसतात. दोन-तीन रुंदींनी काढून बघा. जे प्रत्येक वेळी दिसतं ते खरं धरा.

गटाची रुंदी काट्याच्या लघुतम मापापेक्षा कमी नको. ५ ग्रॅमच्या पटीत दाखवणाऱ्या काट्यावर २ ग्रॅमचे गट पाडले तर मधले गट आपोआप रिकामे राहतात. गट असमान असतील (० ते १०, १० ते २०, मग एकदम २० ते ५०) तर उंचीऐवजी क्षेत्रफळ नोंदींच्या प्रमाणात ठेवावं लागतं. शक्यतो गट समानच ठेवा.

एक्सेलमध्ये किंवा गुगल शीट्समध्ये काढताना काय सांभाळायचं?

एक्सेल २०१६ पासून हिस्टोग्राम थेट चार्टच्या यादीत आहे. गुगल शीट्समध्येही चार्टचा प्रकार निवडताना मिळतो. एक गोष्ट मात्र बघाच : सीमेवरचा आकडा कुठे मोजला जातो.

शाळेत आपण २०० हा आकडा २००–२०२ च्या गटात घ्यायला शिकलो. एक्सेलचा चार्ट गटाची वरची सीमा आत धरतो, म्हणजे बरोबर २०० ग्रॅमचं पाकीट तो १९८–२०० मध्ये टाकतो. तुम्ही मात्र तो स्तंभ ‘कमी वजनाचा’ म्हणून वाचता आणि चांगली पाकिटं वाईट ठरतात. उपाय सोपा आहे. काटा एका ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर सीमा अर्ध्यावर ठेवा : १९७.५, १९९.५, २०१.५. एक्सेल गटांची सुरुवात सगळ्यात लहान आकड्यापासून करतो. म्हणून बिनची (गटाची) रुंदी २ देऊन अंडरफ्लो बिनमध्ये हवी ती पहिली सीमा टाका.

किती नोंदी पुरे?

पन्नासच्या खाली आकाराबद्दल ठाम बोलू नका. शंभर असतील तर बरं. वीसच नोंदी असतील तर रेघेवर टिंबं मांडा, तेवढं पुरतं.

रोज उरणारा किंवा कमी पडणारा माल किती करावा, हे यातून ठरतं का?

ठरतं, आणि हिस्टोग्रामचा हा उपयोग फार कमी लोक करतात.

उकडीचे मोदक विकणारं एखादं घर घ्या. एक मोदक ४० रुपयांना जातो, करायला २५ लागतात, रात्री उरलेला वाया जातो. मोदक एक कमी पडला तर १५ रुपयांचा नफा बुडतो. एक जास्त झाला तर २५ रुपये जातात. म्हणजे उरणं कमी पडण्यापेक्षा महाग आहे आणि सरासरी मागणीएवढे मोदक करणं चूक ठरतं. हिशेब असा : १५ भागिले १५ अधिक २५, म्हणजे ०.३७५. जेवढे मोदक केल्यावर साधारण ३७.५ टक्के दिवशी सगळी मागणी भागते, तेवढेच करायचे.

समजा, ८० साध्या दिवसांची मागणी अशी : ४० ते ५० मोदक ८ दिवस, ५० ते ६० १८ दिवस, ६० ते ७० २४ दिवस, ७० ते ८० १८ दिवस, ८० ते ९० ८ दिवस आणि ९० ते १०० ४ दिवस. सरासरी ६६.५. पण ८० चे ३७.५ टक्के म्हणजे ३० दिवस. डावीकडून मोजत आलं की पहिल्या दोन गटांत २६ दिवस संपतात, तिसऱ्या गटातले आणखी ४ घेतले की आपण ६२ च्या जवळ पोचतो. म्हणून ६२ मोदक. हाच पदार्थ १० रुपयांत होत असता तर गुणोत्तर ३० भागिले ४०, म्हणजे ०.७५ झालं असतं आणि ७५–७६ नग करणं योग्य ठरलं असतं. मागणी तीच, उत्तर वेगळं.

संकष्टी, अंगारकी आणि गणपतीचे दिवस यातून बाजूला काढा. त्यांचा आलेखच निराळा. आणि ज्या दिवशी दुपारीच मोदक संपले, त्या दिवसाचा आकडा मागणीचा नसून विक्रीचा असतो. त्यानंतर परत गेलेल्या गिऱ्हाइकांची फोनजवळच्या वहीत नोंद ठेवा, नाहीतर आलेखाची उजवी बाजू कायम खुजी राहील.

हिस्टोग्राममधून काय कळत नाही?

काळाचा क्रम. लेथचं टूल सकाळपासून झिजत जाऊन व्यास हळूहळू वाढत असेल, तरी संध्याकाळी सगळे जॉब (तयार झालेले भाग) एकत्र मोजल्यावर आलेख सुरेख घंटेच्या आकाराचा दिसू शकतो. त्यासाठी मापं भाग तयार झाले त्या क्रमाने मांडावी लागतात. १९२४ साली वॉल्टर शेवार्ट यांनी मांडलेला नियंत्रण आलेख यासाठीच आहे. दोन्ही शेजारी ठेवा.

दुसरं, जे अजून घडलं नाही ते त्यात नसतं. वसुलीच्या आलेखात फक्त पैसे आलेली बिलं असतात. १५० दिवस थकलेलं बिल त्यात नाही, म्हणून चित्र वस्तुस्थितीपेक्षा बरं दिसतं. थकीत बिलांचा, आजपर्यंत किती दिवस झाले त्याचा, वेगळा आलेख दर महिन्याला काढा.

गिऱ्हाईक कंपनी सीपीके मागते. तो आकडा असला तर हिस्टोग्राम कशाला?

सीपीके म्हणजे मापं ठरलेल्या मर्यादांच्या आत किती ऐसपैस बसतात, हे सांगणारा आकडा. वाहन उद्योगाला सुटे भाग देणाऱ्यांकडे १.३३ किंवा त्याहून जास्त सीपीके सर्रास मागितला जातो. तो आकडा काढताना मापं घंटेच्या आकारात पसरली आहेत असं गृहीत धरलेलं असतं. दोन उंचवटे असतील किंवा एक बाजू तुटलेली असेल तर आकडा निघेल, पण त्याला अर्थ राहणार नाही. आधी आलेख बघा, मग सीपीके काढा.

वडील चाळीस वर्षं धंदा करतायत. ते म्हणतात, ‘मला आलेख नको, अंदाज आहे.’ त्यांना कसं पटवायचं?

पटवायला जाऊ नका, त्यांचा अंदाज कागदावर मागा. आलेख दाखवण्याआधी कोरा अक्ष त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, ‘बाबा, गिऱ्हाइकं किती दिवसांनी पैसे देतात? कुठे जास्त, कुठे कमी, पेन्सिलीने काढा ना.’ मग वहीतल्या नोंदींचा आलेख त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने काढा.

जिथे दोन्ही जुळतात तिथे त्यांचा अनुभव पक्का आहे. तिथे मोजत बसायची गरज नाही. जिथे फरक पडतो तिथे त्यांनाच विचारा, असं का असेल. शेपटीतलं एखादं गिऱ्हाईक नेमकं कोणत्या महिन्यात पैसे देतं आणि का, हे त्यांना पाठ असतं. ऊस गेल्यावर कारखान्याचं बिल येईपर्यंत थांबणारा शेतकरी त्यांना ठाऊक असतो, आलेखात तो नुसता ९० दिवसांचा ठिपका असतो. त्या गिऱ्हाइकाची उधारी बंद करायची की हप्ता हंगामाशी जुळवून द्यायचा, हा निर्णय त्यांच्यासोबत बसूनच घ्या.